सहा हजार नोकऱ्या भाषणात आहेत की ठरावात?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. शहरातली २२ एकरांवरची इंजिनिअरिंग कंपनी ११ वर्षांपूर्वी बंद पडली. ती जागा औद्योगिक विभागातून काढून निवासी आणि वाणिज्य वापराला द्यायचा विषय महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे आला. विकसकाने सादरीकरणात ६ हजार रोजगार दाखवले. काही नगरसेवक म्हणाले, जागा ओस पडण्यापेक्षा घरं आणि ऑफिसं बरी. बाकीचे म्हणाले, कारखान्याच्या जागी कारखानाच हवा. दोन तास भांडून विषय तहकूब झाला. तुमचे वडील तिथे १९ वर्षं टर्नर होते आणि त्यांची देणी अर्धीच मिळाली आहेत. आता पुढच्या सभेआधी तुम्हाला ठरवायचंय की कोणाच्या बाजूने उभं राहायचं.

मी ३१ वर्षं नगररचना खात्यात काढली. रचना सहायक म्हणून लागलो तेव्हा विकास आराखड्यावर ब्रशने रंग भरायचो. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा. जांभळ्याचं पिवळं झालेलं मी बरंच पाहिलंय, त्यातलं काही माझ्याच हातून झालंय. त्यामुळे सरळ सांगतो, दोन्ही गट चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. घरं की कारखाना यावर मत देण्याआधी ठरावाच्या मसुद्यात अटी कोणत्या शब्दांत लिहिल्या आहेत ते पाहा. भाषणातल्या नोकऱ्या नकाशावर उतरत नाहीत. नकाशावरचा रंग मात्र एकदा बदलला की मागे फिरत नाही.

आधी प्रकरण कोणत्या वाटेने चाललंय ते बघा, कारण बरंच काही त्यावर अवलंबून आहे. जागा एमआयडीसीची असेल तर तिथे नियोजन प्राधिकरण महामंडळ स्वतः असतं, महापालिकेची सभा काही ठरवू शकत नाही. जागा महापालिकेच्या आराखड्यातली असेल तर वाटा दोन. एक, डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली. तिच्यात औद्योगिक विभागातल्या जमिनीवर अटींसह निवासी किंवा वाणिज्य वापराला परवानगी देता येते, नकाशातला रंग न बदलता. आमच्यात याला 'आय टू आर' म्हणतात, म्हणजे इंडस्ट्रियलचं रेसिडेन्शियल. त्यासाठी सर्वसाधारण सभा लागत नाही, फाइल प्रशासनातच फिरते. दुसरी वाट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, म्हणजे आराखड्यातला फेरबदल. तुमच्याकडे विषय सभेपुढे आलाय, त्याअर्थी बहुधा ही दुसरी वाट असावी. जागेच्या एखाद्या तुकड्यावर आरक्षण असेल, म्हणजे तो आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेला असेल, आणि तेही हलवायचं असेल, तरी ही वाट घेतली जाऊ शकते.

कलम ३७ मध्ये सभेचा ठराव ही फक्त सुरुवात असते. ठरावानंतर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस निघते, हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो, सुनावणी होते, मग प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो. शेवटचा शब्द शासनाचा. शासन मंजुरी देताना अटी घालू शकतं, काढूही शकतं. शिवाय कलम ३७(१कक) खाली शासन स्वतःच नोटीस काढू शकतं, तेव्हा सभेतली भाषणं बाजूलाच राहतात. मधली काही वर्षं अनेक महापालिकांत प्रशासक होते, सभेचे अधिकारही तेच वापरत. तेव्हा असे विषय दोन ओळींच्या ठरावाने पुढे गेलेले मी पाहिलेत. तुमच्याकडे निदान दोन तास भांडण झालं, हे मी चांगलं लक्षण समजतो.

आता ते ६ हजार. तुम्ही सादरीकरणातली जी पाटी पाठवली आहे तिच्यावर '६ लाख चौ. फूट आयटी व व्यापारी क्षेत्र' आणि खाली '६००० थेट रोजगार' असं आहे. आकडा कसा आला ते उघड आहे. माणशी १०० चौरस फूट धरून भागाकार केलाय. पण ६ लाख हे बांधकाम क्षेत्र. त्यातून जिने, लिफ्ट, पॅसेज, स्वच्छतागृहं, विजेच्या खोल्या वजा करा. टेबल-खुर्ची मांडायला त्यातलं साधारण दोन तृतीयांश उरतं. म्हणजे इमारत शेवटच्या मजल्यापर्यंत भाड्याने गेली आणि प्रत्येक खुर्चीवर माणूस बसला, तरी ४ हजार. बरं, तो माणूस नवा असेल की त्याच शहरातल्या दुसऱ्या इमारतीतून सामान बांधून आलेला? कंपनीने ऑफिस बदललं तर नव्या पत्त्यावर रोजगार वाढलेले दिसतात, जुन्या पत्त्यावर तेवढेच कमी होतात. शहराच्या हिशेबात बेरीज शून्य.

'रोजगार' हा शब्दही नीट ऐका. नोकरी, काम आणि रोजगार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वडिलांची नोकरी होती. मस्टरवर नाव, पीएफ, ग्रॅच्युइटी, कॅन्टीनचं कुपन. बांधकामावर तीन-चार वर्षं येणाऱ्या माणसाला काम मिळतं. टॉवर उभे राहिल्यावर सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बाया, गाड्या पुसणारी मुलं यांनाही काम मिळतं, आणि ते मी हलकं समजत नाही, त्यावर घरं चालतात. पण हे सगळं एका पोत्यात भरून वर 'रोजगार' अशी चिठ्ठी लावली की आकडा फुगतो. सभेत एवढंच विचारायला सांगा: या सहा हजारांत बांधकामाचे किती, हाऊसकीपिंगचे किती आणि मस्टरवरचे किती?

आता दुसऱ्या गटाकडे वळतो. 'कारखान्याच्या जागी कारखानाच' ही मागणी ऐकायला बरी वाटते. पण जांभळा रंग टिकवला म्हणून कारखाना परत येत नाही. तुमची कंपनी झोन बदलला म्हणून बंद पडलेली नाही. ती आधी बंद पडली आणि झोन अजूनही जांभळाच आहे. ११ वर्षांत कोणी आलं नाही. एवढं मोठं शेड, वीस फुटी भिंत आणि शहराच्या मधोमध जागा घेऊन नवीन कारखानदार येईल, ही आशा मी तरी धरणार नाही.

मग जांभळा रंग निरुपयोगी का? नाही, आणि इथे दोन्ही गटांची नजर चुकली आहे. औद्योगिक विभाग म्हणजे जमिनीच्या भावावरचं झाकण असतं. तिथे सरसकट फ्लॅट बांधता येत नाहीत म्हणून जमीन स्वस्त राहते. स्वस्त राहते म्हणून लेथवाला, पावडर कोटिंगवाला, डायमेकर, फॅब्रिकेशनवाला भाडं भरू शकतो. तुमच्या कंपनीच्या कुंपणाबाहेर अशी युनिटं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण असणार. मोठ्या कंपनीच्या भिंतीला लागून जॉबवर्कचे गाळे उभे राहतातच. कंपनी गेल्यावर त्यातले काही बुडाले असतील, बाकीच्यांनी दुसरी गिऱ्हाइकं शोधली असतील. सभेतल्या कोणत्याही भाषणात त्यांचा उल्लेख नव्हता, हे तुमच्या वर्णनावरून दिसतं.

झाकण उघडलं की त्यांचं काय होतं ते सांगतो. एका शहरात असाच फेरबदल झाला. शेजारी फोर्जिंगचं एक छोटं युनिट होतं. सकाळी सहाला हॅमर सुरू व्हायचा, तीस वर्षं. पहिल्या वर्षी टॉवरमध्ये लोक राहायला आले. दुसऱ्या वर्षी सोसायटीने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आवाजाची तक्रार केली. लोकांचं चूक नव्हतं, कर्ज काढून घर घेतलेलं आणि पहाटे भिंती हादरतात. हॅमरवाल्याचंही चूक नव्हतं, तो आधीपासून तिथेच होता. चूक आमची होती. नियमावलीप्रमाणे निवासी इमारती आणि उद्योग यांच्यामध्ये जे अंतर सोडायचं, ते निवासी वापरात येणाऱ्या जमिनीतूनच सोडावं लागतं. तिथे ते अंतर बागेच्या आत मोजून कागदावर भागवलं होतं. युनिट शहराबाहेर गेलं, वीसेक माणसं रिकामी झाली. कोणत्याही सादरीकरणात ही वजाबाकी नसते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. २२ एकर जसे आहेत तसे जांभळे ठेवा असं म्हणू नका, पण सगळे पिवळे करायलाही मान हलवू नका. शेजारच्या गाळ्यांना लागून असलेली पट्टी उद्योगालाच ठेवायला सांगा. तिथे तीन-चार मजली औद्योगिक गाळे, खाली जड मशीन, वर हलकं काम. घरं दुसऱ्या टोकाला, मध्ये ऑफिसं. रचना म्हणून यात काही नवीन नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, कारण गाळ्यापेक्षा फ्लॅटचा दर कितीतरी जास्त.

मुंबईच्या गिरणगावाचं उदाहरण सभेत कोणीतरी दिलंच असेल, पण ते पूर्ण माहीत असावं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कल्पना चांगली होती. २००१ च्या दुरुस्तीने तीन वाटे ठेवले, पण ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटपातून बाहेर. गिरणीत बहुतेक जमिनीवर शेडच असतं, तेव्हा लोकांच्या वाट्याला काय राहिलं असेल ते तुम्हीच ताडा. उच्च न्यायालयाचा निकाल याविरुद्ध गेला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून दुरुस्ती कायम केली. अख्ख्या गिरणगावाचा नकाशा 'मोकळी जमीन' या दोन शब्दांच्या अर्थावर फिरला.

नोकऱ्यांचं कलमही त्याच नियमात होतं, हे फार थोड्यांना आठवतं. गिरणी दुसरीकडे हलवली किंवा मालकाने तिथे वेगळा उद्योग काढला, तर कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला तिथे प्राधान्याने नोकरी द्यायची, आधी प्रशिक्षणही द्यायचं. वाचताना वाटतं, वा! पण पहिली अट बघा, गिरणी हलवली किंवा दुसरा उद्योग काढला 'तर'. मालकाने दोन्ही न करता जमीन विकली, तर कलम जागं होतच नाही. दुसरी अट, माणसाकडे त्या कामाची पात्रता किंवा कौशल्य हवं. साच्यावर आयुष्य काढलेल्याच्या मुलाकडे ते आहे की नाही, हे ठरवणार नोकरी देणाराच. घरांचं निदान काहीतरी झालं. २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली, २२५ चौरस फुटांची घरं, साडेसात लाखांना. संपानंतर ३० वर्षांनी. ती घरं मिळाली, कारण नियमात जमिनीचा वाटा लिहिलेला होता. नोकऱ्यांच्या कलमात मोजता येईल असं काहीच नव्हतं.

आता माझीच एक चूक सांगतो, म्हणजे मी शब्दांवर एवढा का अडून बसलोय ते कळेल. नाव-गाव नको. १४ एकरांच्या जागेचा फेरबदल माझ्या टेबलावरून गेला होता. सभेत लघुउद्योजकांसाठी गाळ्यांची मागणी झाली, म्हणून मी मसुद्यात अट घातली: 'प्रकल्पामध्ये लघुउद्योगांकरिता गाळे बांधण्यास प्राधान्य देण्यात यावे.' सगळ्यांनी माना डोलावल्या. आठ वर्षांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो. सात टॉवर उभे, बाल्कन्यांत कपडे वाळत होते. गाळ्यांची इमारत जोत्यापर्यंत येऊन थांबलेली, आत गुडघाभर पाणी, आणि दोन मुलं त्यात पडलेला चेंडू काठीने ओढत होती. खात्याने विकसकाला विचारणा केली तेव्हा उत्तर आलं: 'प्राधान्य देण्यात आले होते, तथापि बाजारात मागणी आढळून आली नाही.' कायद्याने उत्तर बिनचूक होतं. मी 'प्राधान्य देण्यात यावे' लिहिलं होतं, त्याने प्राधान्य दिलं होतं.

तेव्हापासून मसुदा हातात आला की मी आधी क्रियापदं बघतो. 'शक्यतो', 'प्राधान्याने', 'प्रयत्न करण्यात यावा', 'विचार व्हावा' ही सगळी सुटकेची दारं. 'बंधनकारक राहील' हे चालतं, पण एकटं नाही, त्याला मोजमाप आणि मुदत जोडलेली हवी. आज मी तीच अट अशी लिहीन: 'औद्योगिक गाळ्यांची इमारत पूर्ण होऊन तीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज निवासी बांधकाम क्षेत्राच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक क्षेत्रास भोगवटा प्रमाणपत्र देता येणार नाही.' ४० च्या जागी दुसरा आकडा चालेल, त्यावर घासाघीस करा. पण क्रम सोडू नका. विकसकाचा नफा घरांत असतो. घरांची किल्ली गाळ्यांच्या मागे बांधली, की बाजारात मागणी आपोआप आढळते.

त्याच्याच जोडीला, गाळ्याचं जास्तीत जास्त क्षेत्रफळ ठरवून घ्या, नाहीतर 'गाळे' म्हणून चार शोरूम होतील. पुढे वापर बदलता येणार नाही असंही लिहून घ्या.

'८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या' ही उपसूचना सभेत आली होती असं तुम्ही म्हणता. भावना समजते, पण झोनच्या अटीत ती घालून उपयोग नाही. इमारत परवानगी खात्याचा अभियंता फीत घेऊन गाळा मोजू शकतो. तिथे बसलेल्या माणसाचा अधिवास दाखला तपासायला तो कधी जाणार नाही. शिवाय कायद्यात न बसणारी अट घातली, तर ठरावच विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे पाठवायला आयतं निमित्त मिळतं. नोकरी हवी असेल तर चौरस फुटात मागा.

उपसूचनेवरून आठवलं. सभेत बोललं गेलं आणि महापौर 'मंजूर' म्हणाले, एवढ्यावर घरी जाऊ नका. उपसूचना लेखी, सूचक-अनुमोदकाच्या सहीसह नगरसचिवांकडे गेली का ते बघा. मग ती इतिवृत्तात आली का. मग नोटिशीत आली का. सभेत टाळ्या पडलेली अट नोटिशीतून गायब झालेली मी स्वतः पाहिली आहे, आणि इतिवृत्त कायम झाल्यावर कोणी हू की चू करू शकलं नाही. पुढच्या सभेत हा विषय 'ऐनवेळचा' म्हणून रात्री नऊला येणार नाही, यावरही कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगा.

पाणी, ड्रेनेज, रस्ता यावर सभेत पुरेसं बोलणं झालेलं दिसतं. एकच गोष्ट राहिली आहे. कंपनीत प्लेटिंग शॉप होतं का, हे वडिलांना विचारा. असेल तर क्रोमियम आणि तेलाने भिजलेली माती कुठेतरी असणार. मुलांचं खेळायचं मैदान नेमकं त्यावर येऊ नये म्हणून मातीच्या तपासणीची मागणी हरकतीत घाला.

शेवटी वडिलांच्या देण्यांबद्दल. तुम्ही ते प्रश्नात एका ओळीत उरकलंय, पण तुमच्या हातातलं सगळ्यात मजबूत हत्यार तेच आहे. २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार बंद पडलेल्या उद्योगाच्या जागेवर आय टू आर करायचं तर कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं: कामगारांची कायदेशीर देणी दिली आहेत, किंवा व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात समाधानकारक व्यवस्था झाली आहे. यातलं 'किंवा' लक्षात ठेवा. एखाद्या युनियनने जुन्या तडजोडीवर सही केली असेल, तर तेवढ्यावर प्रमाणपत्र निघू शकतं. मात्र अशा व्यवस्थेच्या जोरावर परवानगी मिळाली असेल, तर देणी पूर्ण झाल्याचा दाखला आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं नाही, असंही नियमात आहे. फेरबदल कलम ३७ खाली होत असेल तर हीच अट त्यात जशीच्या तशी मागा. कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली लिक्विडेशनमध्ये गेली असेल तर गणित बदलतं. तिथे आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीच्या रांगेत येतात, त्याआधीची मागे पडतात. त्यासाठी कामगार कायद्याचा वकील गाठा, माझा तो प्रांत नाही.

या आठवड्यात करण्यासारखं एवढंच: नगरसचिव कार्यालयातून विषयपत्रिका आणि प्रशासनाचा गोषवारा मिळवा, नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. वडिलांचं नियुक्तिपत्र, शेवटची पगारचिठ्ठी, पीएफची स्लिप जे सापडेल त्याच्या झेरॉक्स काढा, आणि त्यांच्या शॉपमधले आणखी पाच-दहा जण शोधा. हरकत एकेकट्याने द्या, छापील एकाच मजकुरावर शंभर सह्या नकोत, सुनावणीत त्या एक हरकत म्हणून उरकतात. नोटीस निघाली की तिचा फोटो इथे टाका. अटींचा परिच्छेद पूर्ण दिसेल असा काढा, क्रियापदं मी बघतो.